कॅमेऱ्याला दिसतंय, मला दिसत नाही

दातवाली मावशी दात काढत नसे, दात बनवत असे. हा फरक सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, पण गल्लीतल्या लोकांना त्याचं काय! कुणाची दाढ ठणकली की तो गाल धरून मावशीच्या दारात हजर. मावशी त्याला उजेडात उभं करायची, आ करायला लावायची, आत डोकावायची आणि मग अशी झाडायची की दाढ बरी पण मावशी नको. "वर्षभर काय झोपा काढत होतास? दुखायला लागल्यावरच कशी आठवण येते रे तुम्हाला?" आणि मग डॉक्टरांचा पत्ता देऊन पिटाळायची.

तिचं खरं काम दातांच्या लॅबमध्ये. डॉक्टर लोक दाताचा साचा पाठवतात, शेजारच्या दाताचा रंग कळवतात, आणि त्यावरून मावशी नवी कॅप बनवते. पोर्सिलेनची पूड कालवायची, बारीक ब्रशने थर द्यायचा, भट्टीत घालायचा, काढून घासायचा, पुन्हा थर. दात म्हणजे पांढराशुभ्र असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिच्या टेबलाशी येऊन बसावं. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधी, टोकाला किंचित निळसर, आणि सिगारेट ओढणाऱ्याचा असेल तर विचारूच नका. हे सगळं काम डोळ्यांवर चालतं. हात थरथरला तर टेबलावर टेकवता येतो, डोळा कुठे टेकवणार?

अशी ही मावशी पन्नाशी उलटल्यावर फोटोच्या नादाला लागली. आता का म्हणाल, तर आयुष्यभर वीतभर अंतरावरचं बघून बघून तिला जरा मान वर करून बघायची भूक लागली होती. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली. घरात ती आणि काका. काका म्हणजे तिचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून, नाकावर जाड चष्मा, आणि कशाबद्दलही एकच मत: "कशाला नसते उद्योग?" मावशी रविवारी सकाळी फोटोवाल्यांच्या एका टोळक्याबरोबर फिरायला जायला लागली तेव्हाही ते हेच म्हणाले. मावशीने ते ऐकलं आणि बूट घातले.

पहिले काही महिने फोनवर भागलं. पण टोळक्यात सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, आणि आपण आपला फोन धरून उभं राहायचं, हे तिला खटकायला लागलं. शिवाय उन्हात फोनच्या स्क्रीनवर काही दिसायचं नाही. कॅमेरा घ्यायचा असं तिने नुसतं तोंडातून काढलं मात्र, सल्ल्यांचा धबधबा सुरू झाला. त्या टोळक्यात एक सर्वज्ञ होता. बँकेतून निवृत्त झालेला, खांद्यावर भलीमोठी बॅग, आणि जगातल्या प्रत्येक लेन्सशी जणू सोयरीक. "मावशी, घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्या," तो म्हणाला. "छोट्या सेन्सरचा घ्याल आणि उजेड कमी झाला की रडत बसाल. आणि लेन्स म्हणाल तर सत्तर-दोनशे, लांबचं जवळ ओढणारी. त्याशिवाय माणसाने बाहेर पडूच नये." मावशीने त्याचा कॅमेरा हातात घेतला आणि ताबडतोब परत केला. "बाबा रे, हा कॅमेरा आहे की गॅसचं सिलिंडर?"

दुसरा म्हणाला, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, स्वस्तातली घ्या, लेन्स महागातली घ्या. तिसरा म्हणाला, छे, आधी कंपनी ठरवा, कारण एकदा त्यांच्या लेन्सच्या फंदात पडलात की सुटका नाही. चौथीने तिला इतके व्हिडिओ पाठवले की ते बघण्यात तिचा एक अख्खा रविवार गेला आणि शेवटी आधीपेक्षा कमी कळलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे खरं, पण मनाला काय करायचंय तेच कळेना.

शेवटी ती एकटीच गेली. जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं, दोन उंच इमारतींच्या फटीत बसवल्यासारखं अरुंद. दुकानदार म्हातारा आणि तुसडा, पण त्याची एक पद्धत नामी होती. आवडलेला कॅमेरा तो दोन आठवडे घरी न्यायला द्यायचा. "संसार करून बघा," म्हणायचा. "पटलं तर ठेवा, नाही पटलं तर आणून द्या, मी तोंड वाकडं करणार नाही." तोंड त्याचं मुळातच वाकडं होतं, त्यामुळे फरक कळायची सोय नव्हती.

त्याने मावशीला सेन्सरबिन्सर काही विचारलं नाही. "तुम्हाला बघायचंय काय?" एवढंच विचारलं.

"पक्ष्याच्या डोळ्यातलं बुबुळ नको," मावशी म्हणाली. "आणि मुंगीच्या मिशाही नकोत, जवळचं मी दिवसभर बघते. मला आपलं रस्त्यात उभं राहिल्यावर जेवढं दिसतं तेवढं हवंय. लोक, दारं, खिडक्या, भिंतीवरचं ऊन."

"मग पस्तीसची लेन्स घ्या," दुकानदार म्हणाला, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी लेन्स काउंटरवर ठेवली. "झूम नाही हिला. जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जायचं. लेन्स ठरली की बॉडी ठरवायला वेळ लागत नाही."

बॉड्या त्याने दोन मांडल्या. एक चपटी, स्वस्त, मागे नुसता स्क्रीन. दुसरीला स्क्रीन होता आणि वर डोळा लावून बघायची खिडकी, व्ह्यूफाइंडर, तोही होता. चपटीचा स्क्रीन बघायला मावशीला गळ्यातला वाचायचा चष्मा नाकावर चढवावा लागला, रस्त्याकडे बघायला उतरवावा लागला, पुन्हा चढवावा लागला. हे असलं उठाबशांचं फोटोग्राफीत काय काम! मग तिने दुसरीच्या खिडकीला उजवा डोळा लावला. दुकानाचा पसारा, दुकानदार, बाहेरचा गोंगाट, सगळं बाजूला झालं आणि समोर फक्त एक चौकट राहिली, आणि चौकटीत समोरच्या दारातली सायकल, तारा न् तारा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. "हाच," मावशी म्हणाली.

घरी काका अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "कशाला नसते उद्योग?" कॅमेरा कपाटाच्या मधल्या फळीवर राहायला आला. पहिले तीन-चार दिवस मावशी हवेतच होती. लॅबमधून येताना दोन थांबे आधी उतरायची आणि चालत यायची. एक म्हातारा खिडकीत बसून नखं कापत होता, त्याचा फोटो तिने काढला आणि तो तिला स्वतःलाच इतका आवडला की लेकीला पाठवला. लेकीने उलट लिहिलं, "आई, हा तू काढलास?" त्या चार शब्दांवर मावशी आठवडाभर जगली असती. पण तेवढा आठवडा मिळायचा नव्हता.

एके दिवशी सकाळी तिने गॅलरीत उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोरचं सगळं धूसर. काच पुसली. धूसरच. डोळा चोळला, पाणी मारून आली, पुन्हा लावला. सगळ्या कडा फिसकटलेल्या, आत कोपऱ्यात दिसणारे आकडेसुद्धा पुसट. बटण दाबलं, चष्मा चढवून स्क्रीनवर फोटो बघितला, तर फोटो चक्क स्वच्छ! समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येत होते. फोटो स्वच्छ म्हणजे कॅमेरा ठीक. कॅमेऱ्याला दिसतंय, मला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी घाबरतं का? कुणी नसेल घाबरत, पण मावशीला घाबरायला कारण होतं. तिचे वडील जमिनी मोजायचे. तीन पायांवर दुर्बीण उभी करायची, लांब कुणीतरी आकड्यांची पट्टी धरायची, आणि वडिलांनी एक डोळा मिटून ते आकडे वाचायचे. एके वर्षी ते म्हणायला लागले की दुर्बिणीत आकडे पुसट दिसतात. बुरशी चढली असेल. दुर्बीण खोलून साफ करून आणली. पुन्हा पुसट. पुन्हा खोलायला पाठवली. ऑफिसातले लोक पाठीमागे हसायचे, नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचे. बाहेर वावरताना त्यांना सगळं दिसत होतं, पेपर वाचत होते, म्हणून डोळ्यांवर कुणाचा संशयच गेला नाही. गेला तोवर काचबिंदूने उजव्या डोळ्याची शीर वाळवून टाकली होती, आणि डावाही वाचला नाही. "दोन वर्षं आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले होते. शेवटची कितीतरी वर्षं मावशीने त्यांना पेपर वाचून दाखवला. भिंतीला हात लावत लावत बाथरूमकडे जाणारे वडील तिला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

म्हणून तिने तेव्हाच कानाला खडा लावला होता की दोष यंत्राला द्यायचा नाही. दुकानात ते चार-पाच दिवसांपूर्वी स्वच्छ दिसलं होतं, आज दिसत नाही. यंत्र तेच आहे. मग बदललं काय? तेवढाच हिशेब तिने केला आणि खाली बसली.

आणि गंमत बघा, त्याच डॉक्टरांनी तेव्हा हेही सांगितलं होतं की मुलांनीही दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत, हे दुखणं घराण्यात फिरतं. मावशीने एकदाही तपासले नाहीत. वाचायचा चष्मासुद्धा दुकानातून लावून बघून तयार घेतलेला. दुसऱ्यांना दातांवरून झाडणारी ही बाई स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट निघाली की विषय बदलायची. भीती, दुसरं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग सुरू झाल्या चोरून परीक्षा. डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. वाचता आलं. पण वडिलांनाही वाचता येत होतंच की. लॅबमध्ये भिंगातून बघितलं तर सगळं स्वच्छ, पण ते भिंग दोन्ही डोळ्यांवर बसतं. एकाचं दुखणं दुसरा झाकत असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी तिची गत झाली. प्रत्येक पुराव्याला तिच्याजवळ तोड होती.

एकदा तिने काकांना पारखायचं ठरवलं. म्हणजे स्वतःलाच, पण काकांच्या आडून. काका ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. मावशीने कॅमेरा पुढे केला. "अहो, जरा बघा बरं यातून. स्पष्ट दिसतंय का?"

काका दचकले. "कशाला?"

"बघा तर."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा लावला. "काचेसारखं लख्ख दिसतंय," म्हणाले, आणि कॅमेरा तिच्या हातात कोंबून, डबा घ्यायचाही विसरून, जिन्याने खाली पळाले. मावशी रिकाम्या जिन्याकडे बघत उभी राहिली. जाड चष्म्याच्या माणसालासुद्धा लख्ख दिसतं. म्हणजे आता काय राहिलं?

तरी एक धुगधुगी होती. यंत्राला दोष द्यायचा नाही, पण दुसरं यंत्र बघायला काय हरकत आहे? रविवारी तिने सर्वज्ञाला गाठलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशी इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्यातून एकदा बघू का हो?" सर्वज्ञाला तेच हवं होतं. त्याने स्वतःचा चष्मा खिशात घातला, आधी आपण बघून चौकट जमवली, मग तिच्या हातात दिला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपके किती लाख असतात यावर प्रवचन सुरू केलं. "यापेक्षा स्वच्छ काही नाही मावशी. डोळ्यांनी दिसत नाही ते यात दिसतं!"

मावशीने डोळा लावला. धूसर. घरच्याइतकं नाही, पण धूसरच.

"काय, आहे की नाही बात?" सर्वज्ञ म्हणाला.

"आहे हो," मावशी म्हणाली, आणि तब्येत ठीक नाही सांगून घरी आली. दोन यंत्रं, दोन्ही चांगली, दोन्हींतून फक्त तिलाच दिसत नाही. वर त्याच आठवड्यात एका डॉक्टरांकडून एक कॅप परत आली, रंग जुळत नाही म्हणून. अशा कॅप्स अधूनमधून येतातच, लॅबच्या मालकीणबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. पण मावशी ती कॅप खिडकीच्या उजेडात पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिली. डोळे गेले की काम गेलं. आणि काम गेलं तरी एक वेळ चालेल, पण वडिलांसारखं भिंतीला हात लावून चालायचं, काकांनी पेपर वाचून दाखवायचा! काका पेपर वाचताना मधल्या ओळी गाळतात, हे तिला माहीत होतं.

काकांना मात्र तिने काही सांगितलं नाही. तेही आजकाल तिची नजर चुकवत होते. रागावलेत कॅमेऱ्यावर, तिला वाटलं. दोन आठवडे संपायला आले तेव्हा तिने मनाचा हिय्या केला. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, कॅमेरा त्याच्या खोक्यात भरला आणि निघाली. आधी डोळ्यांचा दवाखाना, मग कॅमेरा परत. जे बघताच येणार नाही ते घरात ठेवून रोज जिवाला घोर कशाला?

दवाखान्यात तिने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. वडिलांचं, दुर्बिणीचं, उजव्या डोळ्याचं. कॅमेऱ्याचा उल्लेख तिने मुद्दाम टाळला. यंत्राचं नाव काढलं की माणसं यंत्रालाच धरून बसतात, हा घरचा अनुभव होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. अक्षरं वाचायला लावली, डोळ्याचा दाब मोजला, एका यंत्रात हनुवटी ठेवून कडेचे ठिपके दिसतात का ते बघितलं, मग थेंब घालून बाकावर बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्यावर पुन्हा आत बोलावलं आणि प्रखर उजेड टाकून किती तरी वेळ बघत राहिल्या. तिच्या हाताचे पंजे खुर्चीच्या दांड्यांना चिकटले होते.

"शीर उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांची. दाबही अगदी व्यवस्थित. काचबिंदूचा मागमूस नाही."

मावशीला ते कळलंच नाही. "उजव्याचं म्हणतेय मी."

"उजव्याचंच सांगतेय. दोन्ही ठणठणीत आहेत. वाचायचा नंबर आहे तो वयाचा. पण तुम्ही इतकी वर्षं आला कसा नाहीत? वडिलांना काचबिंदू होता म्हणता, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदा दाखवताय? दुखायला लागल्यावरच यायचं का?"

हे वाक्य मावशीने आजवर शंभर जणांना ऐकवलं होतं. पण या वेळी तिला रडू आलं. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग हुंदका, मग नुसता महापूर. डॉक्टरीणबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. "वडिलांना कुणी वेळेवर आणलंच नाही हो," मावशी म्हणत होती. "आम्ही सगळे दुर्बीणच बघत बसलो." जीव भांड्यात पडला, पण पडताना असा आवाज करत पडला.

रडणं ओसरल्यावर मात्र तिच्यातली दातवाली जागी झाली. "तुमचं चुकत असेल," ती नाक पुसत म्हणाली. "मला धूसर दिसतं. दोन दोन यंत्रांतून दिसतं."

"कसली यंत्रं?"

मग निघाला खोक्यातून कॅमेरा. मावशीने चालू करून दिला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे रोखून डोळा लावला आणि लगेच काढला. "अहो, मलाही धूसर दिसतंय." त्यांनी कॅमेरा फिरवून बघितला. खिडकीच्या शेजारी डाळीच्या दाण्याएवढं एक दातेरी चाक होतं, मावशीला ते आजवर शोभेचं वाटलेलं. डॉक्टरीणबाईंनी ते नखाने फिरवलं, पुन्हा बघितलं आणि हसायलाच लागल्या. "माझ्या प्रत्येक यंत्राला असं चाक आहे. ज्याच्या डोळ्याला जो नंबर, तसं ते फिरवून घ्यायचं, म्हणजे चष्म्याशिवाय दिसतं. दुसऱ्याने फिरवलेलं असेल तर आपल्याला सगळं पुसट. हे पार टोकाला गेलं होतं, मायनस चारला. तुमच्या घरी मायनस नंबरचा कोण आहे?"

कपाळावर सरकवलेला चष्मा. काचेसारखं लख्ख. आणि तो सर्वज्ञ, चष्मा खिशात घालून बघणारा! "आहे एक," ती म्हणाली.

थेंबांमुळे तिला जवळचं काही दिसत नव्हतं आणि उजेड सोसत नव्हता, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकटीला सोडायला नकार दिला. मावशीने नर्सकडून काकांचा नंबर लावून घेतला आणि "डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, मला न्यायला या" एवढंच सांगून फोन ठेवला. जास्त बोलायला तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. काका आले ते धापा टाकत, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, चेहरा कागदासारखा. "काय झालं? कुठला डोळा? तुझ्या वडिलांसारखं नाही ना? अगं, बोल की!"

"डोळे ठीक आहेत," मावशी म्हणाली. "तुमचा नंबर किती?"

"ऑं?"

"चष्म्याचा नंबर विचारतेय."

"मायनस चार. पण..."

"कॅमेऱ्याचं ते चाक तुम्ही फिरवलंत?"

चोराच्या मनात चांदणं. काका बाकावर बसले आणि खोक्याकडे बघत राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशी सकाळी अंघोळीला गेली की काका रोज कपाट उघडून कॅमेरा काढत होते. "एकही फोटो काढला नाही, शपथ. नुसता बघायचो."

"काय बघायचात?"

"सगळंच. समोरची गच्ची. टाकी. अगं, सहावीपासून चष्मा आहे मला. सकाळी आधी चष्मा चाचपायचा आणि मग जग दिसायचं. पहिल्यांदा हातात घेतला त्या दिवशी आपलं ते चाक चाळा म्हणून फिरवलं, तर एकदम टाकीचे खिळे दिसले. उघड्या डोळ्याने! नाकावर काही नाही, कानावर काही नाही, आणि खिळे दिसतायत. मला काय वाटलं ते तुला सांगता यायचं नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"नसते उद्योग म्हणालो होतो ना. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?"

मावशीने हातातली पर्स त्यांच्या दंडावर हाणली. एकदा नाही, दोनदा. "मी इकडे आंधळी होऊन बसले होते आणि तुम्ही खिळे मोजत होतात!" बाकावरचे इतर रोगी एक डोळा उघडून बघायला लागले. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. कॅमेऱ्याच्या दुकानाकडे काही ती दोघं गेली नाहीत. रस्ता ओलांडताना काकांनी तिचा हात घट्ट धरला होता.

संध्याकाळी थेंबांचा अंमल उतरला. मावशी गॅलरीत खुर्ची टाकून बसली. डॉक्टरीणबाई काही म्हणोत, तिची खरी परीक्षा अजून व्हायची होती. काका कठड्याला टेकून समोर उभे होते. तिने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला, बोटाने ते चाक चाचपलं आणि दाता दाताने फिरवायला लागली. धूसर. कमी धूसर. त्याहून कमी. आणि मग एकदम सगळं जागच्या जागी येऊन बसलं.

"दिसतंय का?" काकांनी विचारलं.

मावशीच्या मनात आलं, भोगू दे जरा. मी इतके दिवस भोगलं. "नाही हो," ती म्हणाली. "काही दिसत नाही."

आणि चौकटीत तिला काकांचा चेहरा दिसला. आधी भुवया वर गेल्या, मग ओठ हलले. गालाचा एक स्नायू थरथरायला लागला, चष्म्याच्या जाड काचेमागे डोळे भरले, आणि दवाखान्यापासून धीर धरून उभा असलेला तो माणूस तिच्या समोर पार कोसळला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. काकांना वाटत होतं की ती बघू शकत नाही, म्हणून ते चेहरा लपवतही नव्हते. एकेक सुरकुती, पापणीवर अडकलेला थेंब, सगळं सगळं तिला दिसत होतं.

तिच्याने राहवेना. "दिसतंय हो!" ती ओरडली. "सगळं दिसतंय! तुमची दाढीसुद्धा नीट झालेली नाही, तेही दिसतंय!" तिने कॅमेरा मांडीवर टाकला आणि दोन्ही हात पुढे केले. काका येऊन तिच्या खुर्चीशी जमिनीवरच बसले, आणि मावशी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ म्हणत राहिली, "दिसतंय हो, दिसतंय."